सेलमला आई-बाबांना घेऊन जायचंय: कोणती जुनी घरं बघायची, कोणती सोडायची?

मृणाल_क

नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला फ्रेमिंगहॅममध्ये राहतो. आई-बाबा कराडहून आलेत, ऑक्टोबरअखेर परत जातील. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टनही झालं. बाबांचं तुणतुणं एकच: "काचेच्या इमारती आता पुण्यातपण आहेत. इथलं जुनं काय ते दाखव." ते बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालेत. कुठंही शिरले की माणसांआधी छताकडे बघतात. मागच्या महिन्यात एका ठिकाणी 'सतराव्या शतकातलं गाव' म्हणून घेऊन गेले, तर गाव अख्खं नव्यानं उभारलेलं निघालं. परतीच्या वाटेवर गाडीत तासभर गप्प होते.

म्हणून आता बॉस्टनच्या उत्तरेचं सेलम. दीड दिवस आहे हातात. आईच्या दोन्ही गुडघ्यांची बोंब आहे. जिने चढते, पण उतरताना रडकुंडीला येते. यादी बघितली तर डोकं गरगरलं. सात गेबलांचं घर, विच हाउस, डर्बी हाउस, वॉर्ड हाउस, फिलिप्स हाउस, वर भलंमोठं म्युझियम. प्रत्येकाचं तिकीट वेगळं आणि प्रत्येकजण आपण कसे सगळ्यात जुने ते सांगतोय. खरं जुनं कुठलं? चेटकिणींच्या शोंपैकी काही बघण्यासारखं आहे का? आणि ऑक्टोबरच्या एखाद्या वीकेंडला गेलं तर चालेल का? कुणी सावकाश बघून आलं असेल तर लिहा, प्लीज.

देवगडचा_खलाशी

मृणाल, माझी लेक पीबडीत राहते, सेलमला लागूनच. बायको गेल्यापासून वर्षातले पाच-सहा महिने मी तिच्याकडे असतो. ती कामावर गेली की मी बस पकडून सेलमचा धक्का गाठतो. चौतीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस दुसरीकडे जाणार कुठं? तेव्हा मी लिहितोय ते माहितीपत्रक नव्हे, म्हाताऱ्याची आवडनिवड आहे असं समज. मुलगी शोभशील म्हणून एकेरीत लिहितो.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी पाऊलसुद्धा टाकू नकोस. गणपतीतला लालबाग आठव, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर टोकदार काळी टोपी. सप्टेंबरातलाच मधला वार धर. नॉर्थ स्टेशनवरून लोकल अर्ध्या तासात सोडते आणि स्टेशनपासून सगळं चालत होतं. फक्त म्युझियम आठवड्यातून काही दिवस बंद असतं, राष्ट्रीय पार्कखात्याच्या ताब्यातल्या घरांच्या वेळाही मोसमाप्रमाणे बदलतात. दोन्हींचे वार जुळवून मगच निघा.

आता मुद्दा. एका गावात दोन सेलम आहेत. एक १६९२ च्या चेटकाच्या खटल्यांचं, ज्याच्या नावावर दुकानं चालतात. दुसरं जहाजांचं. १७९० च्या जनगणनेत हे देशातलं सहाव्या नंबरचं शहर होतं आणि वस्ती होती आठ हजारांच्या आत! एवढ्याशा गावातली गलबतं आफ्रिकेला वळसा घालून सुमात्राची मिरी, मुंबईचा कापूस आणि कलकत्त्याचं कापड भरून आणायची. गंमत बघ, पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेली चेटकीण आहे आणि नगरपालिकेच्या शिक्क्यावर आहे छत्री घेतलेला सुमात्राकडचा माणूस, मागं शिडाचं जहाज. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय त्याचा अर्थ साधारण 'श्रीमंत इंडीजच्या शेवटच्या बंदरापर्यंत' असा. तुझ्या बाबांना दुसरं सेलम दाखव.

सुरुवात डर्बी धक्क्यावरून कर. लांबलचक धक्का आहे, टोकाला १८७१ चा बुटका दीपस्तंभ. हा सगळा भाग राष्ट्रीय पार्कवाल्यांच्या ताब्यात आहे, १९३८ पासून. अमेरिकेत 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ' असं पहिल्यांदा जाहीर झालं ते हेच. समोर एका ओळीत कस्टम हाउस, म्हणजे जकात कचेरी (१८१९) आणि विटांचं डर्बी हाउस (१७६२). बापानं लग्नात मुलाला बांधून दिलेलं घर. तो मुलगा, इलायस हॅस्केट डर्बी, पुढं गावातला सगळ्यात गबर व्यापारी झाला. धक्का घरासमोर, खिडकीतून स्वतःची गलबतं मोजत असणार.

पण बाबांना खरं न्यायचं ते मागच्या बाजूच्या नारबॉन घरात. १६७५ चं आहे. आत खुर्ची नाही, पलंग नाही, मेणाचा पुतळा नाही. मुद्दाम रिकामं ठेवलंय. भिंतीचे थर उघडे, लाकूड उघडं, कुठल्या पिढीनं काय जोडलं ते डोळ्यांना दिसतं. मागं छप्पर लांबवर खाली उतरतं आणि त्याखाली चक्क पडवी निघते. खाटीक, चांभार, दोरवाला, असली कामाची माणसं राहिली इथं. पर्यटक ढुंकून बघत नाहीत कारण फोटो काढायला काही नाही. मी चारदा गेलोय. पार्कचा रेंजर घेऊन गेला तरच आत जाता येतं, तेवढं विचारून ठेव.

सात गेबलांच्या घराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझे बाबा तिथं चिडू शकतात. गेबल म्हणजे उतरत्या छपराच्या टोकाला भिंतीचा जो त्रिकोण होतो तो. घर १६६८ मध्ये कॅप्टन जॉन टर्नरनं बांधलं, ते खरंच. समुद्राला चिकटून आहे, जागा झकास. पुढं फॅशन बदलली तशी मालकांनी त्रिकोण काढून टाकले. लेखक नथॅनियल हॉथॉर्न तिथं आपल्या नात्यातल्या बाईकडे यायचा-जायचा तेव्हा तीनच उरले होते म्हणतात. १८५१ ला त्याची याच घराच्या नावाची कादंबरी आली आणि गाजली. मग १९०८ मध्ये कॅरोलाइन एमर्टन नावाच्या बाईनं घर विकत घेतलं आणि दुरुस्त केलं. गेलेले गेबल परत चढवले, आणि कादंबरीत आहे म्हणून छोटं दुकानही थाटलं. धुराड्याशेजारचा गुप्त जिना आज दाखवतात तोही त्याच दुरुस्तीतला. म्हणजे आधी घर, मग कादंबरी, मग कादंबरीबरहुकूम घर. पण बाईंना नावं ठेवू नका. तिकिटाचे पैसे त्यांनी तिथं येऊन पडलेल्या गरीब परदेशी कुटुंबांच्या शिक्षणाला आणि कामधंदा शिकवायला लावले, ते काम अजून चालू आहे. बघण्यासारखं घर आहे, फक्त काय बघतोय ते माहीत असू दे. आणि आईंना त्या जिन्यात मुळीच घालू नकोस. मी बारीक माणूस, तरी दोन्ही खांदे घासले. दुसरी वाट विचार, सांगतात.

विच हाउस हे नाव दुकानदारी आहे. तिथं चेटकीण कधी राहिली नाही, न्यायाधीश राहायचा. जोनाथन कॉर्विननं १६७५ मध्ये अर्धवट बांधलेलं विकत घेतलं. त्या खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलममधली एवढी एकच वास्तू उभी आहे. १९४० च्या दशकात रस्तारुंदीत पडणार होती, तर गावानं पैसे जमवले आणि अख्खं घर पस्तीसेक फूट मागं सरकवलं. अभियंत्याला हे आधी सांग, मग आत ने.

बाकी उरलेला वेळ पीबडी एसेक्स म्युझियमला. त्यावर नंतर लिहितो, लेक जेवायला हाक मारतेय. आज बांगडा मिळालाय. बांगडा म्हणजे इथला मॅकरेल, समजून घ्यायचं.

वसईकर७

एवढे डॉलर घालून तीनशे वर्षांची लाकडी खोपटी बघायची? आमच्या वसईला या. १५३४ पासून पोर्तुगीज होते, दगडी चर्चं, कमानी, किल्ला. फुकट. गाईड नाही, रांग नाही.

देवगडचा_खलाशी

वसईकर, वसई किल्ला मीही बघितलाय, तुमच्याइतकाच लाडका आहे. पण तिथं एखाद्या चांभाराचं घर चूल-पडवीसकट उभं आहे का? राजाचं, देवाचं आपण दगडात बांधलं, ते टिकलं. साध्या माणसाचं घर कुणी ठेवलं नाही. आणि मृणालचे आई-बाबा फ्रेमिंगहॅमला आहेत, नालासोपाऱ्याला नाही.

सई_नॉर्थशोअर

खलाशीकाकांना मम. त्यांनी चेटकिणींचा भाग झटकला, तो मी लिहिते. मी इथल्या शाळेत शिकवते आणि दर वर्षी मुलांची सहल नेते.

मृणाल, पुतळे-दिवे-किंकाळ्या असलेले शो सोडून दे. एका ठिकाणी आम्ही पैसे भरून गेलो होतो; अंधारात बसवून वीस मिनिटं टेप ऐकवली आणि बाहेर पडायची वाट भेटवस्तूंच्या दुकानातून. खरी एकही वस्तू नाही.

त्यापेक्षा जुन्या स्मशानाला लागून असलेल्या स्मारकात जा. १९९२ चं आहे, तिकीट नाही. १६९२ मध्ये एकोणीस जणांना फाशी दिलं, आणि जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या आसपासच्या म्हाताऱ्यानं आरोप कबूलही केला नाही, नाकारलाही नाही, म्हणून त्याला दगडांखाली चिरडून मारलं. या विसांच्या नावांचे वीस दगडी कट्टे भिंतीतून बाहेर काढलेत. आत शिरताना पायाखाली बघा. त्या लोकांची न्यायालयातली वाक्यं उंबऱ्यावर कोरलीत, आणि मध्येच भिंत येऊन वाक्य तुटतं. मी मुलांना काही समजावत नाही. नुसतं वाचायला लावते.

दुसरं, गाडी असेल तर डॅनव्हर्सला जा. ज्याला आपण सेलमचं प्रकरण म्हणतो ते पेटलं सेलम व्हिलेजमध्ये, आणि ते गाव म्हणजे आजचं डॅनव्हर्स. १७५२ मध्ये वेगळं होऊन नाव बदललं. तिथं रिबेका नर्सचं घर आहे. एकाहत्तर वर्षांची, चर्चला जाणारी, कान जड झालेली बाई. ज्यूरीनं पहिल्यांदा तिला निर्दोष ठरवलं होतं. न्यायाधीशांनी 'परत विचार करा' म्हटलं, आणि दुसऱ्यांदा दोषी. जुलैत फाशी दिली. घर शेताच्या मधोमध आहे, आजूबाजूला दुकान नाही. ज्या उंचवट्यावर फाशी दिली ती जागा मात्र सेलममध्येच आहे. संशोधकांनी २०१६ मध्ये पक्की केली, पुढच्या वर्षी तिथं छोटं स्मारक झालं. एका औषधाच्या दुकानाच्या मागं, लोकांच्या परसदारांना लागून. गाडी लावायला जागा नाही.

मला राग एवढ्याचाच येतो की खून झाले त्या गावात त्याच गोष्टीचे टीशर्ट विकतात. आपल्याकडे अजूनही बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या येतात. त्या गावाच्या नाक्यावर कुणी झाडूचं चित्र छापलेले कप विकायला ठेवेल का?

मृणाल_क

काका, सई, खूप आभार. बाबांना नारबॉन घराबद्दल वाचून दाखवलं, ताबडतोब तारीख ठरली. काका, तुम्ही मध्ये 'मुंबईचा कापूस' लिहिलंत, बाबा त्यालाच धरून बसलेत. खरंच मुंबईला यायची सेलमची जहाजं? आणि म्युझियमचं राहिलंच.

देवगडचा_खलाशी

यायची म्हणजे काय! डर्बीचंच 'अटलांटिक' नावाचं जहाज १७८८ मध्ये सुरत, मुंबई, कलकत्ता असं फिरून गेलं. या बंदरांत अमेरिकेचा झेंडा पहिल्यांदा त्यानं दाखवला असं इथं अभिमानानं सांगतात. इंग्रजांशी लढून सुटलेले लोक, पाच वर्षांत इंग्रजांच्याच बंदरात माल भरायला हजर. १७९४ च्या तहात तशी रीतसर मुभाही मिळाली. मुंबईत त्यांचं काम बघायचे नसरवानजी माणेकजी वाडिया. कापूस ठरवून देणं, उधारी, कप्तानांची राहण्याजेवणाची सोय. या पारशी गृहस्थांचं चित्र सेलमच्या म्युझियममध्ये आहे. कलकत्त्याच्या बनियांचे पुरुषभर उंचीचे मातीचे पुतळेही आहेत. आपले सतराशे-अठराशेतले व्यापारी कसे दिसायचे ते बघायला मॅसॅच्युसेट्सला यावं लागतं! मांडणी बदलत असते, कधी काही गोदामात असतं, तेव्हा आधी विचारा.

म्युझियमचं मूळ असं: १७९९ मध्ये कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. सभासद व्हायची अट काय, तर केप ऑफ गुड होप (आफ्रिकेचं टोक) किंवा केप हॉर्नला (दक्षिण अमेरिकेचं टोक) वळसा घालून आलेलं पाहिजे. पैसा असून उपयोग नाही, पाण्यात गेलेला पाहिजे. मी दोन्ही वळसे मारलेत, तेव्हा तिथं गेलो की मालकासारखा फिरतो. जो तो सफरीवरून काही ना काही आणायचा, त्यातून हा संग्रह झाला. १८२५ ला त्यांनी दिवाणखाना बांधला, उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स आले होते. त्या दिवाणखान्यात जहाजांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवायच्या लाकडी मूर्ती आहेत. बाईमाणसं, सरदार, सगळ्यांची छाती पुढं काढलेली. लाटा खाऊन खाऊन काहींची नाकं झिजलीत.

या लोकांचं आपल्यावर प्रेम होतं असं मात्र समजू नका. पाद्री विल्यम बेंटलीच्या रोजनिशीत १८०४ ची नोंद आहे. सोसायटीच्या मिरवणुकीत पालखी निघाली, आत नटवलेला पोरगा, आणि खांद्यावर वाहायला गावातले काळे लोक, हिंदुस्थानी भोयांचे कपडे घालून. पालखी आमची, खांदे त्यांचे, मिरवले तिसरेच.

आणि गंमत म्हणून: अमेरिकेत आलेला पहिला हत्ती १७९६ मध्ये सेलमच्याच कप्तान जेकब क्राउनिनशील्डनं कलकत्त्याहून आणला. उतरवला न्यूयॉर्कला. हत्तीण होती, दोन वर्षांची पोर, चार महिने डेकवर. तिचा चारा-पाणी कसा केला असेल या विचारानं मला अजून झोप येत नाही.

मग बंद का पडलं सगळं? १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसननं परदेशी व्यापारावर बंदी घातली, मग इंग्रजांशी १८१२ चं युद्ध. नंतर जहाजं मोठी झाली आणि सेलमच्या उथळ बंदरात शिरेनात. धंदा बॉस्टन-न्यूयॉर्कला गेला. घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता, म्हणून उरली. कोकणातली जुनी बंदरं बघ, तिथल्या माडीच्या घरांची तीच कथा. १९१४ च्या आगीत जवळजवळ चौदाशे इमारती जळाल्या, पण चेस्टनट स्ट्रीटची कप्तानांची घरं वाचली. त्या रस्त्यावरून संध्याकाळी आईंना घेऊन नुसती चक्कर मार, सपाट आहे. त्यातलं फिलिप्स घर आतून बघता येतं. तिथल्या काही खोल्या डॅनव्हर्सच्या एका बंगल्यातून कापून बैलांकरवी ओढत आणल्यात. या गावात घरं फारशी एका जागी बसत नाहीत.

निनाद_जे

वाचतोय. खलाशीकाका, वेगळा धागा काढा हो यावर. जागा राखून ठेवतो.

मृणाल_क

जाऊन आलो! सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवार आणि अर्धा शुक्रवार. लिहायला उशीर झाला कारण परत आल्यावर आईच्या गुडघ्यांना दोन दिवस शेक दिला.

नारबॉन घरात आमच्याबरोबर फक्त एक म्हातारं जोडपं होतं. रेंजरताईंनी दार उघडलं, बाबा उंबऱ्यातच थांबले. मधल्या मोठ्या तुळईकडे बघत राहिले. मग खिशातून स्टीलचा टेप निघाला. मला कल्पनाही नव्हती की अमेरिकेच्या ट्रिपला हा माणूस टेप घेऊन आलाय. ताई हसून म्हणाल्या, हात न लावता बघा. मग बाबांनी वितीनं हवेत मापं घेतली. लाकडाला खाच पाडून दुसरं लाकूड बसवलंय आणि आरपार लाकडी खुंटी मारलीय, ते त्यांनी मला तीनदा दाखवलं. "खिळा पैशाचा, खुंटी घरची," म्हणाले. त्यांचं इंग्रजी बेताचं आणि ताईंना मराठी शून्य, तरी दोघं अर्धा तास बोलत होते. एकमेकांना जोडाच्या खुणा करून दाखवत होते. ते दुसरं जोडपं कंटाळून निघून गेलं.

सात गेबलांच्या घरात मी एक आगाऊपणा केला. काकांनी लिहिलेलं जिन्याचं प्रकरण बाबांना आधी सांगितलंच नाही. आई गाईडबरोबर दुसऱ्या वाटेनं गेली आणि आम्ही जिन्यात घुसलो. खरंच खांदे घासतात. वर आल्यावर बाबांनी शर्टावरची धूळ झटकली आणि मला म्हणाले, "ही वीट त्या घराच्या वयाची नाही. आणि चुलीच्या धुराड्याला चिकटून कोण जिना काढेल, भाजायला?" मी भाषांतर केलं. गाईड मुलगा खो खो हसला आणि १९०८ ची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं बाबा आता चिडणार. तर म्हणाले, "दुरुस्ती आहे तर आहे. त्या बाईनं चांगली करून घेतलीय. बिल बघायला मिळालं असतं तर." कस्टम हाउसपाशी हॉथॉर्नच्या नोकरीची पाटी वाचली, सरकार बदललं तशी त्याची तिथली नोकरी गेली. हे ऐकून मात्र ते खूश झाले. "म्हणजे बदल्यांचं राजकारण तेव्हापासूनचंच."

आईचं वेगळंच. पहिल्या दिवशी 'गोऱ्यांची जुनी घरं' म्हणून ती जरा तोंडदेखलंच हिंडत होती. विच हाउसच्या स्वयंपाकघरात तिला जाग आली. माणूस उभा मावेल एवढी चूल, वर टांगलेल्या वाळक्या जुड्या. तिनं मला विचारायला लावलं, एवढ्या चुलीची राख कुठं टाकायचे? तिथल्या बाईंनी सांगितलं, टाकायचे नाहीत. राखेतून पाणी पाझरवून ते चरबीबरोबर शिजवायचे आणि साबण करायचे. आई मान हलवत म्हणाली, "आपण राखेनं भांडी घासायचो. इथं राखेचाच साबण. बाईला उसंत कुठंच नव्हती." मग साबण शिजताना वास किती येत असेल, ते घरात करायचे की अंगणात, किती दिवस पुरायचा, असे प्रश्न सुटले. मागं रांग थांबली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सई, स्मारकात संध्याकाळी गेलो. आई कट्ट्यावर बसणार होती, मग तिनं कोरलेलं नाव बघितलं आणि उठली. 'ह्यावर बसू नये' म्हणाली. उंबऱ्यावरची वाक्यं मी मराठीत सांगत होते, 'मी निर्दोष' पर्यंत आले आणि भिंत आली. आई म्हणाली, पुढं? मी म्हटलं, पुढं नाहीये. डॅनव्हर्सला गाडी नव्हती म्हणून जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्युझियम. नसरवानजींचं चित्र त्या दिवशी आम्हाला सापडलं नाही, काकांनी बजावलं होतंच. पण नाळेवरच्या मूर्ती बघितल्या, झिजलेली नाकं मोजली, चार. आणि काका, तुम्ही चिनी घराबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत! 'यिन यू तांग'. चीनमधल्या एका खेड्यातलं दोनशे वर्षांचं घर, तुळई-तुळई सोडवून इथं आणलं आणि परत जोडलं, २००३ मध्ये उघडलं. त्याला वेळेचं वेगळं तिकीट. आत शिरलो तर मधोमध चौक! वर आभाळ उघडं, खाली दगडी कुंडात मासे, चारी बाजूंनी दुमजली लाकडी खोल्या. आई म्हणाली, "अगं, हा तर वाडाच." आणि दीड दिवसात पहिल्यांदा कुणी न सांगता जोत्याच्या कडेला टेकून बसली. एकाच घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिल्या, मग पोरं शहरात गेली, घर ओस पडलं, ते सगळं तिथं सांगतात. आमचं कोरेगावचं घर दोन वर्षांमागं विकलं. त्या विषयावर कुणी काही बोललं नाही. बाबा कुंडाच्या सांडव्याची वाट शोधत होते.

परतीच्या लोकलमध्ये बाबांनी वेळापत्रकाच्या पाठीमागं नारबॉन घराचा आडवा छेद काढलाय. तुळई, पडवी, चूल, सगळी नावं मराठीत. फ्रिजवर लावलाय. त्यात एका जागी प्रश्नचिन्ह आहे आणि ते त्यांना झोपू देत नाहीये. काका, तुमच्यासाठी निरोप: मागच्या लांब छपराचं पाणी पडवीवरून खाली येतं, ते पुढं कुठं जातं? त्यांना पन्हळ दिसली नाही आणि जमिनीत चरही दिसला नाही. पाया साडेतीनशे वर्षं टिकला कसा?

देवगडचा_खलाशी

चारदा गेलो आणि हे एकदाही बघितलं नाही. चिनी घराचंही राहिलं खरं. नाळेपाशीच माझा वेळ संपतो. बाबांना सांग, उद्या दुपारनंतर पाऊस आहे. छत्री घेऊन जातो, मागच्या बाजूला उभा राहून बघतो आणि लिहितो.